एकशे तेराव्या पानापासून

एकशे चाराव्या पानाच्या समासात त्याने ‘शी’ लिहिलं ते इतकं दाबून, की पेन्सिलीचं टोक मोडून टेबलाखाली गेलं.

त्या पानावर कादंबरीतली मुलगी अंथरुणाला खिळलेल्या आईचं अंग पुसत होती, आणि लेखिका वाचकाची मान धरून त्याला एकेक गोष्ट जवळून दाखवत होती. पाठीवरच्या जखमेतला चिकट पिवळा द्राव, फडक्याला लागलेलं काय काय, बादलीतल्या पाण्याचा बदलत गेलेला रंग. समीक्षकाने पुस्तक हातभर लांब धरलं. खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला आणि रुमाल नंतर नाकापाशीच राहिला. छापील कागदाला असला वास येत नाही हे त्याला कळत होतं, पण नाकाला ते कोण समजावणार!

तीस वर्षं तो दर बुधवारच्या पुरवणीत नव्या पुस्तकांवर लिहीत आला होता. कचेरीत त्याला पाठीमागे एरंडेल म्हणत. हे त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला राग आला नाही. “एरंडेलाने निदान पोट तरी साफ होतं,” तो म्हणाला होता. “तुमच्या सरबतांनी काय होतं?” गेल्या आठ वर्षांत त्याने एकाही नव्या कादंबरीला चांगलं म्हटलं नव्हतं, आणि लोकही बुधवारी पुरवणी उघडत ते आज कुणाची हजामत झाली आहे ते बघायलाच.

त्याचा तिटकारा खरा होता, ओढूनताणून आणलेला नव्हता. पूर्वी कादंबरीतली माणसं तुम्हाला बैठकीच्या खोलीत भेटायची. आताच्या लेखकांना न्हाणीघराबाहेर जागाच मिळेनाशी झाली होती. नायकाने ओकायचं, नायिकेला ढाळ व्हायचे, आजोबांनी अंथरूण ओलं करायचं, आणि पुस्तकाच्या पाठीवर कुणीतरी दाद द्यायची, ‘जगण्याला थेट भिडणारं लेखन’. भिडा बापडे, पण हात धुऊन भिडा! शिवाय ती भाषा. खिडकी होती. बंद होती. ती होती. तीही बंद होती. असली चार वाक्यं वाचली की त्याला दाढेखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

मात्र एक गोष्ट त्याचे शत्रूही कबूल करत. पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्याने कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. पिठात अळी निघाली तरी डबा तळापर्यंत चाळायचा, हा त्याचा धर्म. चाळताना समासात खुणा करायच्या. घाणीला ‘शी’, पोकळ वाक्याला ‘पो’, रडारडीला नुसता ‘र’. परीक्षण लिहायला बसला की तो पुस्तक पुन्हा वाचत नसे, खुणा वाचत असे. या पुस्तकात आतापर्यंत एकेचाळीस वेळा ‘शी’ झालं होतं. लेखिका कुठल्याशा रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका होती, आणि ही तिची पहिलीच कादंबरी होती.

त्याने पेन्सिलीला टोक केलं, आणखी आठ पानं वाचली, दोन ‘शी’ आणि एक ‘र’ लिहिला.

एकशे तेराव्या पानावर मुलगा आला. आजारी बाईचा धाकटा मुलगा, त्याच शहरात राहणारा, चांगल्या हुद्द्यावरचा. रविवारी सकाळी नऊ वाजता आला आणि आईच्या खोलीच्या दारातच उभा राहिला. खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून नाकाशी धरला. रुमालातूनच विचारलं, “बरं आहे ना आता?” दहा मिनिटांनी घड्याळ पाहिलं आणि गेला.

समीक्षकाने हातातला रुमाल खिशात ठेवला.

त्यानंतर पानं उलटण्याखेरीज खोलीत दुसरा आवाज झाला नाही. चहावर साय धरली. पेन्सिल घरंगळत टेबलाच्या कडेला गेली आणि तिथेच अडून राहिली. दोनशे सहाव्या पानावर पुस्तक संपलं तेव्हा अक्षरं नीट दिसेनाशी झाली होती, तरी त्याने दिवा लावला नव्हता. तो उठला, मोरीत गेला आणि साबण लावून हात धुतले. बाहेर आला, थोडा वेळ उभा राहिला, आणि परत जाऊन पुन्हा धुतले.

मंगळवारी सकाळी त्याने परीक्षण लिहिलं ते एका बैठकीत. एवढं सरसर त्याच्या हातून कित्येक महिन्यांत उतरलं नव्हतं. राग चांगला सांगकाम्या असतो, बोलावलं की येतो. दुपारी पुरवणीच्या संपादक मुलीचा फोन आला.

“सर, सहाला पान लावायचंय हं. अर्धं पान तुमचंच ठेवलंय.”

“मिळेल.”

“कसं आहे पुस्तक?”

“पुस्तक कसलं! बादली आहे.”

ती खळखळून हसली. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, “सर, प्रकाशकांचा माणूस आला होता. म्हणत होता, तुमचं काय येतंय ते बघून दुसरी आवृत्ती काढायची की राहिलेल्या प्रती आवरत्या घ्यायच्या ते ठरवणार. आपल्याला त्याचं काय म्हणा. मी फक्त कानावर घातलं.”

“बरं केलंस,” तो म्हणाला, आणि कागद घडी घालून पुस्तकासकट पिशवीत टाकले.

कागद कचेरीत देण्याआधी ताईकडे न्यायचे, ही त्याची जुनी रीत होती. ताई त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणारी. तो तिला परीक्षण वाचून दाखवत असे. ताई तीन वेळा हसली की मजकूर पास. दोनदाच हसली तर घरी जाऊन पुन्हा लिहायचं. पुस्तक बरोबर न्यावं लागे, कारण ताईला पुरावा लागत असे. “खरंच असं लिहिलंय? दाखव बघू,” असं म्हणून ती पान मागायची. चाळीस वर्षं वर्गात खोटं पकडलेली बाई ती, भावाला तरी कशी सोडेल!

तो गेला तेव्हा ताई दोरीवरच्या चादरी काढून आतल्या खोलीत पलंगावर टाकत होती. त्याने आपली खुर्ची ओढली. ही खुर्ची नेहमी त्या खोलीच्या दाराशीच असे, अर्धी आत, अर्धी बाहेर. का, ते दोघांपैकी कुणी कधी विचारलं नव्हतं.

“वाच,” ताई म्हणाली. चादरीचा मधला भाग हनुवटीखाली धरून ती दोन हातांनी टोकं जुळवत होती.

तो वाचू लागला. “या कादंबरीत पात्रं चार आणि बादल्या पाच आहेत. पैकी बादल्यांची व्यक्तिचित्रं अधिक ठसठशीत उतरली आहेत.”

ताई फिसकन हसली. चादर हनुवटीतून निसटली. एक झालं.

“लेखिकेची वाक्यं तिच्या रुग्णासारखीच आहेत. दोन शब्द चालतात आणि धाप लागून खाली बसतात.”

“दुष्ट आहेस,” ताई हसत म्हणाली. दोन.

पुढचा परिच्छेद त्याने जरा भरभर वाचला. “मुलगा मात्र निव्वळ पुठ्ठ्याचा. वाचकाला चीड यावी म्हणून उभा केलेला आणि मागून काठीचा टेकू दिलेला. जन्मदात्या आईच्या दारात नाकाला रुमाल लावून उभा राहणारा असा मुलगा माणसांत सापडत नाही. तो फक्त हल्लीच्या कादंबऱ्यांत सापडतो.”

ताईने पडलेली चादर उचलली, झटकली. हसली नाही. पण इथे हसण्यासारखं काही त्याने ठेवलंही नव्हतं. तिसरं हसू पुढे होतं आणि त्याबद्दल त्याला खात्री होती. सकाळी ती ओळ लिहिताना त्याला स्वतःलाच हसू आलं होतं.

“आणि कळस म्हणजे पाणी,” त्याने आवाज चढवला. “रविवारी मुलगा दहा मिनिटं येणार, तेवढ्यात आपल्याकडून काही घाण होऊ नये, त्याला किळस येऊ नये, म्हणून ही माउली शनिवार संध्याकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घेत नाही! लेखिकेला आई रंगवायची होती. हातून उंटीण झाली.”

तो थांबला. हसण्यापुरती जागा सोडून थांबायचं त्याला सवयीने जमत होतं.

ताई चादर हातात धरून तशीच उभी होती.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली.

त्याने वाचलं. दुसऱ्या खेपेला उंटिणीपाशी आवाज उतरला.

“हे आहे पुस्तकात? पाण्याचं?”

“आहे तर. मी काय मनचं लिहितो?”

“दाखव.”

त्याने पुस्तक काढलं आणि पान शोधू लागला. एरवी खुणांमुळे त्याला कुठलंही वाक्य चुटकीसरशी सापडायचं. आज तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. शेवटी ताईनेच पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. पलंगाच्या कडेला बसून चष्मा लावला आणि पहिल्यापासून पानं उलटत चालली. शी, शी, पो, शी, र. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जराशी हालचाल झाली. मग पानं उलटणारा हात मंदावला.

“इथून पुढे तुझं काहीच नाही.”

“कुठून?”

“एकशे तेरापासून. सगळं कोरं. पेन्सिल हरवली होती का?”

“प्रत्येक पानावर लिहायलाच हवं असं थोडंच आहे?”

“न वाचताच लिहिलंस?”

“वाचलंय!” तो म्हणाला, आणि तो आवाज त्या लहान खोलीला फार मोठा झाला. “अक्षर न् अक्षर वाचलंय. न वाचता लिहिणारा मी नव्हे.”

“तेच म्हणते,” ताई शांतपणे म्हणाली. “तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस.”

सुटायला एकच वाट होती आणि ती त्याने आपल्याच हाताने बंद केली होती. वाचलं नाही म्हणाला असता तर तीस वर्षांची अब्रू गेली असती, पण निदान आता ताई ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होती ती नजर चुकली असती. ती मास्तरणीची नजर नव्हती. वर्गात खोटं पकडल्यावर ती छडी आपटायची, हे त्याला ठाऊक होतं. आज ती नुसती पुस्तकात खाली बघू लागली.

तिने एकशे तेरावं पान वाचलं. मग सावकाश पुढे गेली आणि एके ठिकाणी बोट ठेवून बराच वेळ थांबली. तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. बोटांच्या पेरांना जन्मभराच्या खडूने आणि साबणाने चिरा पडल्या होत्या.

“ही बाई परिचारिका आहे म्हणालास ना?”

“हो. रात्रपाळीची.”

“मग तिने पाहिलं असेल कुठेतरी.” ताईने चष्मा काढला. “मला वाटायचं, आपल्याच घरात असं झालं.”

“काय झालं?”

“पाण्याचं.”

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हात आपोआप खिशाकडे गेला आणि रुमालाला शिवून परत आला.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेवटचं दीड वर्ष ती याच खोलीत, याच पलंगावर होती. दर रविवारी नऊ वाजता तो येत असे, आणि आता खुर्ची होती तिथेच उभा राहत असे.

“शनिवारी दिवे लागले की पाण्याचं भांडं बाजूला सारायची,” ताई म्हणाली. “मी रागवायचे. डॉक्टर रागवायचे. जळजळ व्हायची बिचारीला, ओठांची सालं निघायची. ऐकायची नाही. म्हणायची, त्याला लहानपणापासून किळस आहे गं. उष्ट्या ताटाला हात लावायचा नाही. तेवढा एक दिवस काढू दे मला. रविवारी आठला मला उठवायची, खिडक्या उघड म्हणायची, चादर बदल म्हणायची. बदललेली असली तरी बदल म्हणायची.”

“आणि तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“सांगून?” ताईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. “तू रविवारीसुद्धा आला नसतास.”

समीक्षकाच्या मांडीवर परीक्षणाचे कागद होते. उंटीण. शब्द सुबक अक्षरात होता, त्याच्याखाली त्याने छपाईवाल्यांसाठी रेघही मारली होती. त्याला किळस आली. ती त्या पुस्तकाची नव्हती, बादल्यांची नव्हती, आणि तिच्यापुढे रुमालाचा काही उपयोग नव्हता. रुमाल लावणारा मुलगा त्याने पुस्तकात पहिल्या ओळीतच ओळखला होता. ओळखून त्याने काय केलं, तर असा माणूसच नसतो म्हणून अर्ध्या पानात लिहून टाकलं. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे त्याला लिहिताना ठाऊक होतं. पण पाण्याचं त्याला अगदी मनापासून खोटं वाटलं होतं. तिथे तो प्रामाणिक होता, आणि तिथेच तो सगळ्यात जास्त चुकला होता.

पिशवीतला फोन वाजला.

“सर, पावणेसहा झाले. निघालाय ना मजकूर?”

“तो येणार नाही.”

“बरं नाहीये का तुम्हाला?”

“बरा आहे. लिहिलेला देणार नाही. दुसरा देतो. सातपर्यंत पान थांबव.”

“थांबवते,” संपादक मुलगी अनमान करत म्हणाली. “पण सर, नेहमीचा ठसका आहे ना त्यात? लोक वाट बघतात हो.”

“ठसका नाही. हसायला काहीही नाही. आणि त्या प्रकाशकाच्या माणसाला सांग, प्रती आवरू नका म्हणावं.”

“सांगते,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याने परीक्षणाचे कागद उलटे केले. मागची बाजू कोरी होती. ताईकडून परत घेतलेलं पुस्तक मांडीवर, त्यावर कागद, हातात पेन्सिल. ‘या कादंबरीतला मुलगा खरा आहे’ असं त्याने लिहिलं आणि थबकला. कशावरून? दुसऱ्या कुणी असं वाक्य लिहिलं असतं तर याने त्याच्यापुढे ‘पो’ लिहून पुरावा मागितला असता. पुरावा द्यायचा तर ‘मी’ लिहावं लागणार होतं. तीस वर्षांत त्याने परीक्षणात ‘मी’ लिहिलं नव्हतं. असल्या लेखनाला तो चव्हाट्यावर धुणं धुणं म्हणत असे.

ताई पुन्हा चादरीला लागली होती. मघाची तीच मोठी चादर. हनुवटीखाली धरायची, टोकं जुळवायची, आणि एका बाजूने ती सुटायची.

“ताई.”

“हं.”

“काही रविवारी मी यायचोच नाही.”

“हो. पुष्कळदा.”

“मग?”

ताईने चादरीची सुरकुती हाताने साफ केली.

“दिवसभर दाराकडे बघत पडायची. घशाला कोरड पडली तरी घ्यायची नाही, म्हणायची, दुपारून येईल. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की म्हणायची, आता नाही यायचा तो. आण पाणी. मग दोन भांडी प्यायची, एका दमात.”

बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. समीक्षक कागदाकडे बघत होता. त्याने एक ओळ लिहिली, तिच्यात ‘मी’ हा शब्द होता, आणि खोडली नाही. दुसरी लिहिली. तिसऱ्या ओळीला पेन्सिल थांबली, आणि त्याने वर पाहिलं तेव्हा ताईच्या हनुवटीतून चादर पुन्हा निसटली होती.

त्याने कागद खुर्चीवर ठेवले. उठला, दारातून आत आला, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेला आणि चादरीची दोन टोकं हातात घेतली. टोकं कुठली कुठे न्यायची ते त्याला नीटसं माहीत नव्हतं.

“सरळ धर,” ताई म्हणाली. “ओढ थोडी तुझ्याकडे. घडी वाकडी होते.”